जुन्या ट्रॅक्टरचा क्लच : प्लेट बदलण्याआधी कारण शोधा



मृग लागला, पाऊस पडला, वाफसा आला, आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर जागचा हलेना, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. माझ्या फिरतीतल्या एका गावी एका दादांचं असंच झालं. ट्रॅक्टर वीस वर्षांचा. पेरणीच्या तोंडावर नवी क्लच प्लेट टाकली आणि पंधरा दिवसांत ती घसरू लागली. पुन्हा खोलून पाहिलं, तर प्लेट तेलानं माखलेली! इंजिनाच्या मागचं ऑइल सील गळत होतं. ते पहिल्याच वेळी बदललं असतं तर थोडक्यात भागलं असतं. पण दोन प्लेटांचे पैसे गेले, दोनदा मजुरी गेली आणि वाफसा गेला तो वेगळाच.

क्लच काम कसं करतो?

दोन तळव्यांमध्ये भाकरी घट्ट दाबली की हातांबरोबर ती फिरते. हात सैल केले की फिरत नाही. क्लचचं तसंच आहे. एका बाजूला इंजिनाचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांची प्रेशर प्लेट, आणि मध्ये क्लच प्लेट. पेडल दाबलं की ही पकड सुटते. पेडलवर नुसता पाय टेकून ठेवला तरी पकड थोडी सैल होते, प्लेट घसरते, तापते आणि जळते. क्लच म्हातारपणानं कमी आणि अशा पायाच्या सवयीनंच जास्त मरतो.

खोलण्याआधी हे पाहा

पेडल हातानं दाबून पाहा. सुरुवातीची मोकळी चाल बहुतेक ट्रॅक्टरांत २० ते ३० मि.मी. असते, नक्की आकडा तुमच्या माहितीपुस्तकात मिळेल. चाल उरली नसेल तर क्लच घसरतो. ती फार वाढली तर पकड पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरत पडतो. कित्येकदा नुसती चाल जुळवली की काम होतं. चाल बरोबर असूनही इंजिन पळतं, ट्रॅक्टर ओढत नाही आणि जळका वास येतो, तर मात्र खोलावं लागेल.

खोलताना आणि बसवताना

१. ट्रॅक्टर मध्ये दुभंगावा लागतो. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच, सपाट व पक्क्या जागेवर करून घ्या. बॅटरीची तार काढा. पुढच्या आसाशी दोन्हीकडे लाकडी पाचरी ठोका, नाहीतर पुढचा भाग कलंडतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. खाली भक्कम ठोकळे द्या. इथं चूक झाली तर जिवावर बेतेल.

२. आतली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्यानं पुसा.

३. लायनिंग रिव्हेटांच्या डोक्यापर्यंत झिजलं असेल किंवा तेल प्यायलेलं असेल तर प्लेट बदला. तेल असेल तर सील आधी बदला.

४. फ्लायव्हीलवर निळे डाग, चिरा किंवा चऱ्या आहेत का पाहा. असतील तर जाणकाराला दाखवा. लेथवर साफ होईल की बदलावं लागेल, ते तो सांगेल.

५. क्लच बेअरिंग बोटानं फिरवून पाहा. आवाज येत असेल तर बदला. ते डिझेलमध्ये धुऊ नका. आतलं ग्रीस निघून जातं. फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंगही तपासा.

६. प्लेटची कुठली बाजू कुठं होती याची खूण काढतानाच करा. बसवताना जुना शाफ्ट घालून प्लेट मध्यावर आणा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. प्रेशर प्लेटची बोटं एका उंचीत हवीत. दुहेरी क्लच असेल तर ही जुळवणी गेज लावूनच करा.

७. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी पुसटसं लावा. जास्त झालं तर ते उडून लायनिंगवर जातं.

नंतरची काळजी

नवी प्लेट बसली की पहिले काही तास हलकं काम करा. लगेच नांगराला जुंपू नका. मोकळी चाल पुन्हा मोजा, कारण नवं लायनिंग बसताना ती बदलते. भातवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं : बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लचच्या घराला तळाशी भोक असतं. चिखलणीआधी तिथं प्लग लावा आणि काम संपलं की तो काढून आत साचलेलं पाणी-तेल वाहू द्या. त्या भोकातून तेल ठिबकलं तर समजा, सील गळतंय.

आणि घरच्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगा : गिअर बदलायचा असेल तेव्हाच पाय पेडलवर, एरवी पायरीवर. या सवयीला पैसा लागत नाही, आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर दगा देत नाही.

काही शंका असल्यास कार्यक्रमाला पत्र लिहून जरूर विचारा.