आधी घाम, मग ताव

कोल्हापुरातल्या एका घराच्या मागच्या अंगणात, पेरूच्या झाडापासून चार हातांवर, विटांचा घुमट उभा आहे. गिलावा अजून व्हायचाय. सकाळचे सात वाजलेत. घराचे मालक गुडघ्यांवर बसतात, भट्टीच्या तोंडातून हात आत घालतात आणि वरच्या विटेला तळवा टेकवतात. वीट गार लागते, माठासारखी ओलसर गार. हात लेंग्याला पुसत ते मुलीला सांगतात, "अजून लई पाणी हाय आत. आज ताव द्यायचा न्हाई. आधी तिला घाम येऊ दे."

मुलगी पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आली आहे. पिझ्झाच्या भट्टीचा हट्ट तिचाच, आणि पीठही तिनं कालच मळून फ्रीजमध्ये ठेवलंय. घुमट मिटला, कमान जुळली, म्हणजे आता फक्त लाकडं पेटवायची, असा तिचा हिशोब. वडिलांनी मात्र फाउंड्रीत तीस वर्षं काढली आहेत. विटा रचणं हे त्यांच्या लेखी निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे त्या विटांमधून पाणी बाहेर काढणं, आणि मग आतली ऊब आतच राहील अशी व्यवस्था करणं.

कोल्हापूर हे ओतकामाचं गाव. इथल्या फाउंड्रीत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट बजावली जाते: ओल्या लॅडलमध्ये रस घ्यायचा नाही. लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड वाहून नेणारं भांडं. त्याला आतून अग्निरोधक मातीचं लायनिंग असतं. लायनिंग नवं असेल तर ते बर्नरवर तासन्‌तास तापवून कोरडं करतात. कारण रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. लायनिंगमध्ये थोडीशी ओल राहिली तरी तिची क्षणात वाफ होते आणि रस उसळून माणसांच्या अंगावर येतो. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा मागते. विटेच्या पोटात, सांध्याच्या आत एवढी जागा नसते. मग वाफ स्वतःची वाट काढते: विटेचा पापुद्रा उडतो, सांधा उकलतो, कधी अख्खी भेग घुमटभर धावते.

पण या छोट्या घुमटात पाणी असून असणार किती? मुलीला आकडा ऐकून आश्चर्य वाटलं. घुमटाचा आतला व्यास ३६ इंच, भिंतीची जाडी अर्ध्या विटेची, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर. एवढ्या घुमटाचंच वजन चारशे किलोंच्या घरात जातं. विटा लावण्याआधी पाण्यात बुडवलेल्या, कारण कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो. शिवाय मसाल्यातलं पाणी वेगळं. सगळं मिळून वीस लिटर धरलं, तरी ते नुसतं वाफ करून घालवायला सुमारे ४५ हजार किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे तीन किलो सुक्या लाकडातली सगळी धग, तीही कणभरही वाया न जाता. प्रत्यक्षात बहुतेक धग तोंडातून निघून जाते.

विटा साध्या नाहीत, फायरब्रिक आहेत. फाउंड्रीला माल पुरवणाऱ्या दुकानातूनच आणलेल्या. २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरची ही वीट हातात घेतली की चार किलोंच्या आसपास भरते. मसाल्याच्या बाबतीत मात्र गवंड्याशी थोडा वाद झाला. त्याला नेहमीचा वाळू-सिमेंटचा माल लावायचा होता. साध्या सिमेंटच्या घट्टपणात चुन्याचा जो भाग असतो तो ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान आपलं बांधीव पाणी सोडतो, आणि सांधा भुसभुशीत होतो. म्हणून मसाला ठरला तीन भाग वाळू, आणि सिमेंट, चुना, फायरक्ले प्रत्येकी एक भाग. सुरुवातीला सिमेंट पकड देतं. पुढे भट्टी तापून सिमेंटनं हात टेकले की चुना आणि फायरक्ले ओझं उचलतात. घरगुती भट्ट्या बांधणारे हा मसाला जगभर वापरतात.

घुमट पूर्ण झाल्यावर आठवडाभर त्यावर ओली पोती होती. हे ऐकायला उलटं वाटतं: जे पाणी काढायचं तेच आधी जपायचं. पण सिमेंट पाण्यानंच घट्ट होतं. ते घट्ट होण्याआधी वाळलं तर कच्चं राहतं. पोती काढल्यावर आणखी आठवडाभर घुमट नुसताच सावलीत उघडा ठेवला. आग अजून लांबच होती.

पहिल्या दिवशीच्या आगीला आग म्हणणंही जड आहे. ओंजळभर लाकडी कोळसे एका जुन्या घमेल्यात पेटवून ते मधोमध ठेवले. लाकूड मुद्दाम नाही. लाकडाची ज्वाळा घुमटाच्या एकाच जागी जाऊन चाटते, तेवढ्याच विटा तापतात आणि शेजारच्या गार राहतात. कोळशाची धग सगळीकडे सारखी पसरते. वडिलांच्या हातात टेंपरेचर गन. दर अर्ध्या तासाला घुमटाच्या चार जागा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. ठरलं होतं की पहिल्या दिवशी शंभरच्या वर जायचं नाही. दुपारी घुमटाच्या बाहेरच्या अंगावर, सांध्यांच्या रेषांवर, काळपट ओले डाग उमटले. मुलीला वाटलं कुठून तरी गळतंय. वडील मात्र खूश झाले. "बघ. सुटला घाम."

हे डाग पाहण्यासारखे असतात. आतून तापलेल्या विटेतलं पाणी गार बाजूकडे सरकतं आणि बाहेरच्या अंगावर येऊन थबकतं. तासाभरात एक डाग सुकतो, दुसरा वर उमटतो. जणू ओल हळूहळू घुमटाच्या माथ्याकडे चढत जाते. दुसऱ्या दिवशी १२० पर्यंत, सहा तास. त्या दिवशी आईनं घमेल्याच्या कडेला रताळी पुरून ठेवली आणि संध्याकाळी सगळ्यांनी ती अंगणातच बसून खाल्ली. पीठ फ्रीजमध्ये फुगून डब्याचं झाकण उचलू लागलं होतं. शेवटी त्या पिठाच्या तव्यावर जाड रोट्या झाल्या.

इथं एक प्रश्न येतो, आणि त्यावर भट्टी बांधणाऱ्यांची दोन मतं आहेत. उष्णतारोधक थर आधी चढवायचा की भट्टी तापवून झाल्यावर? उघडा घुमट तापवला तर ओल सहज निघते आणि भेग पडली तर दिसते. पण आतली बाजू तापलेली आणि बाहेरची गार, ही ओढाताणच भेगा पाडते. हिशोब सोपा आहे. फायरब्रिक तापली की फुगते. आतली बाजू चारशे अंशांनी तापली तर ३६ इंची घुमटाच्या आतल्या घेराला सुमारे सहा मिलिमीटर वाढायचं असतं. बाहेरची गार वीट तेवढी वाढत नाही. मग बाहेरची बाजू ताणली जाते आणि तडकते. म्हणूनच भट्टीच्या भेगा बहुधा बाहेरून दिसतात. थर आधी चढवला तर बाहेरची वीटही ऊब धरते, ताण कमी होतो. पण ओल आत कोंडते.

वडिलांनी मधली वाट काढली, आणि ती पटण्यासारखी आहे. सव्वाशेपर्यंत घुमट उघडा ठेवून मोकळं पाणी घालवायचं. मग ब्लँकेट चढवून पुढचे टप्पे घ्यायचे.

ब्लँकेट म्हणजे सिरॅमिक फायबरची पांढरी, रजईसारखी चादर. एक इंच जाडीच्या रोलची लांबी ७.३२ मीटर, रुंदी ६१० मिलिमीटर. या घुमटावर एका रोलमध्ये दोन थर कसेबसे बसतात. हातात घेतली तर हलकी, मऊ. पण ती उघड्या हातानं आणि उघड्या नाकानं हाताळायची वस्तू नाही. तिचे बारीक तंतू कातडीला खाजवतात आणि श्वासातून छातीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हे तंतू माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या वस्तूंत धरले आहेत. फाउंड्रीत वर्षानुवर्षं नुसता रुमाल बांधून ते हाताळणारे कामगार या गृहस्थांनी पाहिले आहेत. त्यामुळे त्या दिवशी मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट याशिवाय कोणालाही अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. कापायच्या जागी आधी पाण्याचा हबका मारला, आणि काम झाल्यावर कपडे वेगळे धुतले.

ही चादर एवढी गुणी कशामुळे? तिच्यात फारसं काही नसतं, म्हणूनच. तंतूंच्या मध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. त्या जागी पाणी शिरलं की गुण संपला, कारण पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. ओली रजई पांघरून थंडी जात नाही, तसंच हे. भट्टीच्या तळाशी तर हा नियम आणखी कडक, कारण तिथली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. फरशीच्या विटांखाली दोन इंच कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड टाकलाय आणि त्याखालच्या स्लॅबला ओल उतरून जाण्यासाठी चार भोकं ठेवली आहेत. तो बोर्ड नसता तर फरशीची धग काँक्रीटनं गिळली असती. पिझ्झा वरून करपला असता आणि खालून पांढराच राहिला असता.

ब्लँकेटवर आला व्हर्मिक्युलाइटचा थर. अभ्रकासारखं हे खनिज तापवून लाह्यांसारखं फुलवलेलं असतं. दहा भाग व्हर्मिक्युलाइट, एक भाग सिमेंट, तीन भाग पाणी. दोन इंचांच्या थराला सव्वाशे लिटर माल लागला, म्हणजे पाणी गेलं चाळीस लिटरच्या आसपास. सिमेंटला घट्ट व्हायला त्यातलं चार-पाच लिटर पुरतं. बाकीचं सगळं, घुमटाच्या विटांत होतं त्याहून जास्त, आता ब्लँकेटच्या डोक्यावर येऊन बसलं. आणि ते आगीनं काढणं अवघड, कारण मधलं ब्लँकेट आग वर पोचूच देत नाही. तिथं उन्हाशिवाय उपाय नाही. घाई करणारे फसतात ते इथंच. बाहेरून कोरडं दिसलं की गिलावा मारतात आणि तीस लिटर पाणी आत कायमचं कोंडतात.

दहा दिवस ऊन चांगलं मिळालं. अकराव्या दिवशी, एप्रिलच्या शेवटी, दुपारी चारला वळीव आला. ताडपत्री गच्चीवर होती. ती आणून टाकेपर्यंत पाच मिनिटं गेली, आणि तेवढ्यात तो फुललेला थर स्पंजासारखं पाणी पिऊन बसला. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसं बोललं नाही. मुलगी तेव्हा पुण्यात होती, फोनवर तिनं विचारलं, "बाबा, आता परत पहिल्यापासून?" वडील म्हणाले, "पहिल्यापास्नं न्हाई. पण आठवडा गेला."

कोरडेपणाची परीक्षा साधी आहे. संध्याकाळी थरावर प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरायचा, कडा विटांनी दाबायच्या. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले की ओल आहे. पहिल्या चार सकाळी थेंब होते. पाचव्या दिवशी फक्त उत्तरेच्या बाजूला, जिथं पेरूची सावली पडते. आठव्या सकाळी कागद कोरडा निघाला. मग पुन्हा कोळसा, पुन्हा शंभरापासून, रोज पन्नास अंश वर. अडीचशेनंतर बाभळीची सुकी लाकडं, मनगटापेक्षा बारीक फोडलेली. घुमटाच्या माथ्यावर ब्लँकेटपर्यंत जाणारं एक बारीक भोक ठेवलं होतं. त्यातून तिसऱ्या दिवशीही वाफेची रेघ निघत होती. गिलाव्यातही ते भोक कायम ठेवायचं ठरलं, वर छोटी टोपी बसवून.

घुमटाच्या आतला रंग हे या कामातलं सगळ्यात सुंदर दृश्य. तीनशेपर्यंत सगळं छत काजळीनं काळंकुट्ट असतं, वाटतं भट्टी नासली. साडेतीनशेच्या पुढे काजळीच जळू लागते. माथ्यावर रुपयाएवढा पांढरा ठिपका उमटतो आणि बघता बघता पसरत खाली उतरतो. अर्ध्या तासात सगळा घुमट पुन्हा विटेच्या रंगाचा होतो. नेपल्सचे पिझ्झा करणारे याच खुणेनं भट्टी ओळखतात. त्यांच्या कलेला युनेस्कोनं २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यांचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो, आणि एवढ्या वेळात भाजणं फक्त अशाच भरपूर धग साठवलेल्या विटांना जमतं.

अंगणातल्या घुमटाची काजळी पहिल्यांदा जळाली त्या रात्री आत ४४० अंश होते आणि व्हर्मिक्युलाइटवर तळवा निवांत ठेवता येत होता. पहिला पिझ्झा एका बाजूनं करपला, दुसरा जमला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, निखारे कधीच विझलेले असताना, गननं १९० दाखवलं. आईनं त्यात शेंगदाणे भाजून घेतले.

भेग एक पडलीच, कमानीच्या डावीकडे, केसाएवढी. गिलाव्याआधी वडिलांनी तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीनं खूण करून तारीख घातली होती. भट्टी तापली की ती उघडते, गार झाली की मिटते, आणि खुणेच्या पुढे गेलेली नाही. त्यांनी ती बुजवली नाही. घुमटाला हलायला जागा लागते, असं ते सांगतात.

जून ते सप्टेंबर भट्टी ताडपत्रीखाली बंद होती. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवाच एवढी ओली असते की विटा पाणी न पडताही ओल पितात. दसऱ्याला मुलगी आली. या वेळी तिनं पीठ मळलं नव्हतं. बाबा उठायच्या आत तिनं ताडपत्री काढली, हात आत घालून छताची वीट चाचपली, आणि जुन्या घमेल्यात ओंजळभर कोळसे पेटवले.