सागरतीरीची माउली आणि कोळी बांधवांची श्रद्धा

वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरीला कोळी बांधव आपल्या बोलीत ‘मोतमाउली’ म्हणतात. आजचे मंदिर १९०४ सालचे. १९५४ साली त्यास बासिलिकेचा दर्जा लाभला. परंतु कोळ्यांच्या आठवणीतील कथा त्याहून जुनी आहे. अठराव्या शतकात एका कोळ्याला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्याप्रमाणे समुद्रात मातेची मूर्ती सापडली, असे परंपरा सांगते. ती सापडली कोळ्याला, धर्मगुरूला नव्हे, हे आम्ही धर्मगुरूंनी विसरू नये!

८ सप्टेंबर या पवित्र मरियेच्या जन्मदिनानंतरच्या रविवारी तेथील जत्रा सुरू होते. पावसाळ्यातील मासेमारीबंदी ३१ जुलैला संपलेली असते, होड्या नुकत्याच दर्यात गेलेल्या असतात. भाविक मेणाचे हात, पाय, बाळ, घर अर्पण करून नवस फेडतात. कोळणीचे मागणे मात्र बहुधा एकच: गेलेला माणूस परत येऊ दे.

हे मागणे नेहमीच पुरे होते का? तमिळनाडूतील वेलांकणीचे उदाहरण घ्या. वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांनी तेथे मरियामातेचे मंदिर बांधले, अशी श्रद्धा आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, त्सुनामीची लाट तेथे आली. बासिलिकेत पाणी शिरले नाही. पण किनाऱ्यावरील शेकडो यात्रेकरू वाहून गेले, आणि सबंध नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. तेव्हा अनेकांनी ‘चमत्कार’ हा शब्द वापरला. ज्यांची लेकरे लाटेने नेली त्यांच्यासमोर तो शब्द उच्चारण्यास माझी जीभ धजत नाही.

कोळी समाजाला हे आपल्याहून अधिक ठाऊक आहे. दर्या देतो आणि नेतो. नेलेल्याची कबरही कधीकधी नसते. तरीही वर्ष सरले की ती माणसे पुन्हा मातेपुढे उभी राहतात. संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शिष्य वादळात निजलेल्या येशूला रागानेच उठवतात. त्या शिष्यांतही कोळी होते. त्या आरोळीला ख्रिस्तसभेने प्रार्थनेबाहेर ठेवलेले नाही.

ख्रिस्तसभा जुलैचा दुसरा रविवार समुद्रावर श्रमणाऱ्यांसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळते. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, जाळी अंगणात दुरुस्तीला काढलेली असतात, आणि एरवी मिस्साला न दिसणारे पुरुषही घरीच असतात.