टोयॉन

टोयॉन (शास्त्रीय नाव: हेटेरोमेलिस आर्ब्युटिफोलिया) हे गुलाब कुलातील (रोझेसी) एक सदाहरित झुडूप आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया येथील कोरडे डोंगरउतार हे त्याचे मूलस्थान होय. या उतारांवर आढळणाऱ्या, कठीण पानांच्या दाट झुडपी वनाला ‘चॅपरल’ म्हणतात. टोयॉन हे त्यातील एक प्रमुख झुडूप आहे. ‘टोयॉन’ हे नाव ओलोनी या मूलनिवासी समाजाच्या भाषेतून आले आहे.

वर्णन

हे झुडूप साधारणतः २ ते ५ मी. उंच वाढते. पाने जाड, चिवट, दंतुर कडांची व ५ ते १० सेंमी. लांब असतात. खोल मुळे आणि मेणचट पाने यांमुळे ते पावसाविना जाणाऱ्या उन्हाळ्यात तग धरते. उन्हाळ्याच्या प्रारंभी पाच पाकळ्यांच्या लहान, पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. हिवाळ्यात पिकणारी लाल फळे पक्षी, कायोटी व अस्वले खातात आणि त्यांच्याद्वारे बीजप्रसार होतो.

वणवा आणि पुनरुत्पादन

वणव्यात फांद्या जळाल्या तरी जमिनीलगतच्या बुंध्यातून नवे कोंब फुटतात. चॅपरलमधील अनेक झुडपांच्या बिया मातीत वर्षानुवर्षे सुप्त राहतात व वणव्यानंतर रुजतात. टोयॉनच्या बिया मात्र अल्पायुषी असतात आणि आगीत टिकत नाहीत. त्याची रोपे दीर्घकाळ न जळलेल्या झाडीच्या सावलीत वाढतात. त्यामुळे वारंवार वणवे लागल्यास जुनी झुडपे पुन्हा फुटली, तरी नवी पिढी तयार होण्यास अवधी मिळत नाही. मानवी वस्तीलगत वाढलेले वणवे आणि त्यानंतर पसरणारे परदेशी गवत ही म्हणूनच चॅपरलपुढील गंभीर समस्या आहे.

उपयोग व संरक्षण

पाने व कच्च्या फळांत सायनाइड निर्माण करणारी संयुगे असतात. चुमाश, टोंगवा आदी समाज फळे भाजून किंवा शिजवून खात. त्यामुळे कडवटपणा कमी होतो. १९२०च्या दशकात नाताळच्या सजावटीसाठी फांद्यांची मोठ्या प्रमाणावर तोड होऊ लागली, तेव्हा कॅलिफोर्निया राज्याने विनापरवानगी तोडीस कायद्याने मनाई केली. ‘कॅलिफोर्निया हॉली’ या त्याच्या दुसऱ्या नावावरून ‘हॉलिवूड’ हे स्थलनाम पडले, अशी आख्यायिका आहे. परंतु तिला ऐतिहासिक आधार नाही. २०१२मध्ये लॉस एंजेलिसने टोयॉनला शहराची अधिकृत स्थानिक वनस्पती म्हणून घोषित केले.