सारखी ताकद, वेगळा स्वभाव

रॉयल एनफिल्डची क्रूझर मीटिऑर ३५० आणि यामाहाची स्पोर्ट्स बाइक आर१५ यांची ताकद कागदावर जवळपास सारखी: सुमारे २० आणि १८ अश्वशक्ती. चालवताना मात्र जमीन-अस्मानाचा फरक!

मीटिऑरचं ३४९ सीसी इंजिन कमाल टॉर्क ४००० आरपीएमलाच देतं, त्यामुळे सतत गिअर बदलावे लागत नाहीत. आर१५चं १५५ सीसी इंजिन खुलतं दहा हजारांच्या आसपास. तिथवर ते पिळावं लागतं.

वळणांचं गणित पुढच्या फोर्कमध्ये आणि दोन चाकांमधल्या अंतरात आहे. क्रूझरचा फोर्क सहसा जास्त तिरका, अंतरही जास्त. अशा रचनेत पुढचं चाक आपणहून सरळ राहू पाहतं. म्हणून महामार्गावर ती निवांत धावते, घाटात मात्र जडपणे वळते. वेगात डावीकडे वळायचं तर डावं हँडल किंचित पुढे ढकलायचं असतं. तेवढ्यानं स्पोर्ट्स बाइक झटकन कलते. क्रूझर फार कलवली, तर खाली असलेले फूटरेस्ट रस्त्याला घासतात.

मग क्रूझर आरामाचीच? पूर्णपणे नाही. स्पोर्ट्स बाइकवर शहरातल्या ट्रॅफिकमध्ये मनगटं भरून येतात, हे खरं. पण क्रूझरवर पाय पुढे असल्यानं खड्ड्यात पटकन उभं राहता येत नाही. दणका थेट कमरेत जातो. बुटक्यांना मात्र मीटिऑरची ७६५ मिलिमीटरची सीट सोयीची, आर१५ची ८१५.

टेस्ट राइड घ्याल तेव्हा सरळ रस्त्यावर भुलू नका. एक यू-टर्न आणि एक खड्डा जरूर घ्या.