पाठ केलेला निबंध आणि रामजी सुभेदारांची शाळा

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे काही आडबाजूचे गाव नव्हे. मुंबई-आग्रा महामार्ग येथून जातो, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील स्थानक येथे आहे, औद्योगिक वसाहतही आहे. म्हणजे इंग्रजी या गावाच्या दारावरून रात्रंदिवस धावत असते. ती ट्रकच्या पाठीवर आहे, कारखान्याच्या फाटकावरील सूचनाफलकावर आहे, खताच्या गोणीवर आणि औषधाच्या बाटलीवरही आहे. पण ती आमच्या वस्तीच्या घरात शिरते का? आणि शिरत नसेल तर दाराशी कोण अडवून उभे आहे?

हा प्रश्न आम्हास एका मुलाने पाडला. इयत्ता नववीत शिकणारा, अंगाने किरकोळ, डोळ्यांनी तरतरीत. विहारात रविवारी मुले जमतात तेव्हा आम्ही त्याला सहज विचारले, "बाळा, इंग्रजीत निबंध येतो का?" पोराने ताठ उभे राहून 'माय हॉबी' हा निबंध एका दमात म्हणून दाखविला. माझा छंद बागकाम आहे, माझ्या घरामागे सुंदर बाग आहे, तीत मी रोज सकाळी गुलाबाला पाणी घालतो, असा त्याचा मजकूर. जमलेल्या आयाबायांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही विचारले, "हॉबी म्हणजे काय?" पोरगा गप्प. "गार्डन म्हणजे?" तरीही गप्प. एका खोलीत पाच माणसे राहतात, पाण्याचा हंडा पहाटे उठून भरावा लागतो, आणि हा पोरगा परक्या भाषेत परक्या माणसाची बाग शिंपत होता! हाच निबंध त्याला परीक्षेत दहापैकी सात गुण मिळवून देणार होता. शाळेचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकेका मुलाचे वाचन ऐकायला, एकेकाची वही त्याच्यासमोर तपासायला शिक्षकाला वेळ कोठून मिळणार? मग गाईड फळ्यावर उतरते, फळा वहीत उतरतो, वही डोक्यात उतरते, आणि परीक्षा झाली की सारे पुसले जाते.

पालक म्हणतात, आम्ही क्लास लावला आहे. मजुरीच्या पैशातून फी भरतात बिचारे. पण क्लासात काय होते? तेथेही चाळीस मुले आणि तेच गाईड. एका गर्दीतून उठून दुसऱ्या गर्दीत बसण्यासाठी आमचा कष्टकरी बाप पैसे मोजतो आहे.

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तोपर्यंत मराठी शाळेतील मुलाला एबीसीडीचे दर्शन पाचवीत होत असे. तेव्हा मातृभाषेच्या नावाने गळे काढणाऱ्या अनेक पुढाऱ्यांची आणि साहित्यिकांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत जात होती, हे आम्ही वेगळे सांगायला नको. निर्णय योग्यच होता. पण वर्ष वाढले म्हणून भाषा येत नाही. 'असर'चे सर्वेक्षण करणारे स्वयंसेवक गावोगाव घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवतात, त्याच्या हाती कागद देतात आणि वाचायला सांगतात. गंमत पाहा, मुलाला वाचता येते की नाही हे तपासण्यासाठी त्याच्याजवळ एकट्याजवळ बसावे लागते, हे साऱ्यांना कळते. शिकविण्यासाठी मात्र तशी गरज कुणाला वाटत नाही!

आणि हे काही अमेरिकेतून आलेले खूळ नव्हे. बेंजामिन ब्लूम या शिकागोच्या शिक्षणतज्ज्ञाने १९८४ साली मांडले की, एकट्याला शिकविलेला सामान्य विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील बहुतेक साऱ्या मुलांच्या पुढे निघून जातो. इतका मोठा फरक पडत नाही, असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले, पण फरक पडतो हे कुणी नाकारले नाही. आम्हाला मात्र त्यासाठी शिकागोला जाण्याचे कारण नाही. आमच्याजवळ परळची डबक चाळ आहे.

सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत हेडमास्तर होते. निवृत्तीनंतर पन्नास रुपये पेन्शनवर मुंबईत एका खोलीत संसार. त्याच खोलीत चूल, भांडी, धूर, माणसे. त्या खोलीत या बापाने आपल्या भीमाला शेजारी बसवून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला करवून घेतली. भाषांतरमाला म्हणजे काय? मराठी वाक्य घ्यायचे, ते इंग्रजीत करायचे, चुकले की तेथेच दुरुस्त करायचे. मराठी कळत असल्याशिवाय त्यात एक पाऊल पुढे टाकता येत नाही, म्हणजे पोपटपंचीला तेथे जागाच नाही. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले की लेकीकडे जायचे, तिचा दागिना गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. ज्या लेकींच्या दागिन्यांवर ती पुस्तके आली त्यांची आठवण आम्ही किती वेळा काढतो?

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला तेव्हा ते पंचविशीत होते. त्या निबंधाची पाळेमुळे शोधायची तर न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात जरूर शोधा, पण चाळीतल्या त्या मिणमिणत्या दिव्यालाही विसरू नका. पुढे मुंबईस परतल्यावर स्वतः बाबासाहेबांनी उपजीविकेसाठी काही काळ खाजगी शिकवण्या केल्या. म्हणजे शेजारी बसून शिकविणे हे काम त्यांनी विद्यार्थी म्हणूनही पाहिले आणि शिक्षक म्हणूनही.

निबंध हा शब्द आमच्या इतिहासात हलका नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'त मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध छापून आला. ती सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मुलगी. तिने बागकामावर लिहिले नाही. तिने आपल्या माणसांचे दुःख लिहिले, धर्माला प्रश्न विचारला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आमची मुलगी स्वतःचे लिहीत होती आणि आज आमचा नववीतला मुलगा दुसऱ्याचे पाठ करतो आहे, ही प्रगती म्हणायची का?

उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातील बांका गावात २०१० साली विचारवंत चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने इंग्रजी देवीच्या मंदिराची उभारणी सुरू झाली. इंग्रजीचे महत्त्व समाजाच्या मनावर ठसविण्याचा त्यांचा हेतू आम्हास कळतो. पण आम्हास देवी नको आहे. मूर्तीपुढे हात जोडून क्रियापदे येत नाहीत. त्यासाठी माणूस लागतो, एका मुलासाठी एक माणूस, आठवड्यातून दोन तास.

आता आमच्या त्या पोराकडे वळू. आम्ही त्याला म्हणालो, बागेचे राहू दे, तू रोज काय पाहतोस ते लिही. खूप वेळ पेन चावून त्याने चार वाक्ये लिहिली: 'ट्रेन कम. मेनी पीपल गेट डाऊन. माय मदर सेल वांगी. शी सिट नियर गेट.' चार वाक्यांत चुका मोजा म्हटले तर मास्तर लाल पेनाने कागद रंगवील. आम्हास मात्र त्यात एक जिवंत स्थानक दिसले आणि फाटकाजवळ पाटी घेऊन बसलेली एक माय दिसली. आम्ही त्या दिवशी एकच चूक धरली, 'कम'ची. व्याकरणाचे नाव काढले नाही. त्याला अहिराणीत विचारले, "गाडी रोज येस का?" म्हणाला, "येस." "आते गाडी ई राहिनी का?" कान देऊन म्हणाला, "नही." मग सांगितले, हे 'येस' म्हणजे 'कम्स' आणि 'ई राहिनी' म्हणजे 'इज कमिंग'. पोराचा चेहरा उजळला. जो भेद त्याला वर्गात दोन वर्षे कळला नाही, तो त्याच्या मायच्या बोलीत आधीपासूनच होता! शाळेत अहिराणी बोलला म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आमच्या मुलांना एक नव्हे, दोन भाषा ओलांडून इंग्रजीपर्यंत जावे लागते. घरी अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि मग इंग्रजी. त्या वाटेवर हात धरणारा माणूस अहिराणी जाणणारा असेल तर एक मजल वाचते.

वाचनाचेही तसेच. मुलाला मोठ्याने वाचू द्यावे. अडखळला की लगेच तोंडातला शब्द काढून घेऊ नये, तीन-चार क्षण थांबावे. परिच्छेद संपला की पुस्तक मिटून विचारावे, काय झाले? सांगता आले नाही तर तो परिच्छेद त्याच्या आवाक्याबाहेरचा, सोपा घ्यावा. नववीतल्या मुलाला चौथीचे पुस्तक देताना त्याला लाज वाटते. म्हणूनच हे काम चारचौघांदेखत फळ्यापाशी होत नाही, बाजूला बसून होते. मात्र बाजूला म्हणजे बंद खोलीत नव्हे. विहाराच्या मोकळ्या सभागृहात, चार जोड्या चार कोपऱ्यांत, दार सताड उघडे आणि कुणीतरी आई-मावशी हजर. मुलींना पाठविताना आयांच्या मनात जी धाकधूक असते ती रास्त आहे, तिचा मान ठेवलाच पाहिजे.

हे आताच का सांगतो? राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आतापर्यंत चार पर्यायांतून गोल रंगविण्याची तयारी केलेल्या आमच्या पोरांपुढे आता कोरा कागद आहे. निबंधाचा अडीचशे गुणांचा स्वतंत्र पेपर आहे. इंग्रजीचा तीनशे गुणांचा पेपर केवळ पात्रतेपुरता असला, तरी त्यात पंचवीस टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर विचारात घेतले जात नाहीत. परदेशी शिक्षणाचेही तेच. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे, पण तिकडच्या विद्यापीठाचा प्रवेश आधी मिळवावा लागतो, आणि तो मागताना मी कोण, मला काय शिकायचे आहे आणि का, हे इंग्रजीत स्वतः लिहावे लागते. तेथे गुलाबाला पाणी घालून भागत नाही. राजू केंद्रे यांच्या 'एकलव्य'सारख्या संस्था अशा मुलांच्या शेजारी बसण्याचे काम करीत आहेत. पण त्या मुलाला हात देतात तो पदवीच्या टप्प्यावर. नरडाण्याचा नववीतला पोरगा तेथवर पोहोचायचा कसा? मोबाईल आज वाक्य दुरुस्त करून देतो म्हणतात. देतो खरा, पण दुरुस्त होते ते वाक्य, मुलगा आहे तेथेच राहतो.

माणसे नाहीत ही सबब आम्हास पटत नाही. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याजवळच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या स्मृतीला वंदन करण्यासाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे जनसागर लोटतो. त्या गर्दीत शिक्षक असतात, बँकेचे आणि रेल्वेचे कर्मचारी असतात, बी.एड. करून घरी बसलेल्या मुली असतात, निवृत्त अधिकारी असतात. जयंतीच्या वर्गणीत हजार रुपये टाकणारा हात वर्षभर रविवारचे दोन तास टाकायला का आखडतो? इंग्रजी फर्डी असण्याची गरज नाही. मुलापेक्षा दोन पावले पुढे असले तरी पुरे. आपणास एखादा शब्द अडला तर मुलासमोर कोश उघडावा. त्यात कमीपणा नाही, उलट कोश कसा पाहतात हे मुलाला कळते.

आमच्या विहारात सध्या तीन जोड्या बसतात. एक जोडी दिवाळीनंतर मोडली, कारण मुलीच्या घरचे ऊसतोडीला गेले आणि ती बरोबर गेली. जाताना वही घेऊन गेली आहे. मायच्या वांग्यांवर लिहिणाऱ्या पोराने परवा पुन्हा लिहून आणले. 'कम्स' बरोबर होते, 'सेल्स'ही त्याने आपणहून बरोबर केले होते. 'सिट' तसेच राहिले आहे. ते या रविवारी घेऊ.