गिग कामगार : मालक नाही, म्हणून वाली नाही?

गिग कामगार, म्हणजे ॲपवरून मिळेल ते काम नगावर करणारे, हा पुण्या-मुंबईचा प्रश्न आहे, असं वाशीम जिल्ह्यात सहज बोललं जातं. पण ऑनलाइन मागवलेलं पार्सल मंगरुळपीरच्या दारात आणून देणारा मुलगाही अनेकदा नगावरच काम करतो. आणि पुण्यात रात्री जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्यांत विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरांतली कितीतरी मुलं आहेत. एकट्या सोयाबीनवर वर्ष निघत नाही, म्हणून ती गेली. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार 2020-21 मध्ये देशात असे 77 लाख कामगार होते. 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील, असा अंदाज आहे.

दुसरा समज जाहिरातींनी पेरला : ‘तुम्हीच तुमचे मालक.’ वेळ निवडता येते हे खरं, आणि घरची शेती सांभाळणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे. पण दर ॲप ठरवतं, इन्सेंटिव्हच्या अटी ॲप बदलतं. आयडी ब्लॉक झाला तर दाद मागायला समोर माणूस सापडत नाही. पेट्रोल, गाडीचा हप्ता, टायर, मोबाइलचा रिचार्ज मात्र कामगाराच्या खिशातून. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क दिले ते हेच पाहून : भाडं आणि अटी कंपनी ठरवत होती.

‘निर्णय यंत्र घेतं, व्यवस्थापन काय करणार?’ हेही खरं नाही. जानेवारी 2026 मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर घरपोच किराणा देणाऱ्या ब्लिंकिटने ‘दहा मिनिटांत’ पोहोचवण्याचा दावा मागे घेतला. वेगाचं ते वचन माणसांनीच दिलं होतं, म्हणून माणसांनाच मागे घेता आलं. आणि कामगारांना जपणं कंपनीच्याही हिताचं आहे : सरावलेली माणसं टिकत नाहीत तेव्हा नवी शोधण्याचा आणि शिकवण्याचा खर्च कंपनीवरच पडतो.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज असा, की एक मालक नसलेल्याला संरक्षण देताच येत नाही. महाराष्ट्राने तरी हे म्हणू नये. हमाल आज या अडत्याची पोती उचलतो, उद्या त्या व्यापाऱ्याची. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी अशा माथाडींना, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांना, संघटित केलं आणि 1969 मध्ये कायदा झाला. कामगार आणि मालक दोघांची नोंद माथाडी मंडळाकडे होते, मालक मजुरीवर लेव्ही भरतात, त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी उभी राहते. राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी याच घडणीचा कायदा केला : मंडळ, नोंदणी आणि व्यवहारामागे शुल्क.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत भरायची, कमाल मर्यादा कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या 5 टक्के. अपघात, आरोग्य, म्हातारपण यांच्या योजना त्यातून होतील. पण यात किमान वेतन नाही. डिसेंबर 2025 च्या मसुदा नियमांत लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे 90 दिवस किंवा अनेक कंपन्यांकडे मिळून 120 दिवस काम, अशी अट आहे. सोयाबीन काढून चार महिन्यांसाठी पुण्याला जाणाऱ्या मुलाला एकाच कंपनीकडे नियमित काम केलं तर ही अट गाठता येईल. त्याने केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर आधारसह नोंदणी करावी आणि प्रत्येक ॲपवरचा कामाच्या दिवसांचा व पैशांचा तपशील जपून ठेवावा.