रोहितचं वनडे कर्णधारपद का गेलं?

मार्च 2025 मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून देणाऱ्या रोहित शर्माचं वनडे कर्णधारपद ऑक्टोबरमध्ये काढून शुभमन गिलला दिलं. 56 सामन्यांत 42 विजय, तरीही! निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांचं म्हणणं, तीन प्रकारांना तीन कर्णधार ठेवणं अवघड. कसोटीला गिल आणि टी-20 ला सूर्यकुमार होतेच. शिवाय 2027 चा विश्वचषक.

गंमत बघा, डिसेंबर 2021 मध्ये वनडे आणि टी-20 ला एकच कर्णधार हवा, असं सांगून विराट कोहलीकडून हेच पद रोहितकडे दिलं होतं. गिलला नेमताना मात्र या दोन प्रकारांना दोन कर्णधार चालले. नव्या माणसाला विश्वचषकाआधी वेळ मिळावा, हे पटतं. पण 2021 चा नियम कधी गुंडाळला, ते बीसीसीआयनं सांगायला हवं.